एका यादीची सहा वर्षे

मे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरी, कोलोराडो विद्यापीठात ग्रंथपाल असलेल्या जेफ्री बील यांना भारतातून एक नोटीस गेली. पाठवणारे वकील दिल्लीचे, अशील हैदराबादचे. ओमिक्स ही ती प्रकाशनसंस्था. मागणी एक अब्ज डॉलरच्या नुकसानभरपाईची, आणि वर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा धाक. बील यांनी केले होते एवढेच, की पैसे घेऊन जवळपास काहीही छापणाऱ्या शोधनियतकालिकांच्या प्रकाशकांची यादी त्यांनी जाहीर केली होती. अशा प्रकाशकांना ‘लुटारू’ हे विशेषण २०१० च्या सुमारास त्यांनीच दिले. त्या यादीत ओमिक्सचे नाव होते. नोटिशीत ज्या कलमाचा धाक घातला, ते ६६अ कलम पुढे मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

या नोटिशीनंतर साडेपाच वर्षांनी त्याच हैदराबादेतल्या केंद्रीय विद्यापीठाकडे एक जबाबदारी आली. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी सुचवलेली शोधनियतकालिके गोळा करायची, पाहायची आणि पुढे पुण्याला पाठवायची. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात ती तपासली जायची. खोट्या नियतकालिकांचे शहर म्हणून ज्याचे नाव जगभर झाले, तेच शहर खऱ्या नियतकालिकांच्या शोधातले एक ठाणेही झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, ‘यूजीसी केअर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या व्यवस्थेची ही वाटचाल. ती २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये थांबवण्यात आली. माझ्या मते ती थांबवायला नको होती. का, ते पुढे येईल.

आधी हैदराबादविषयी. बोगस नियतकालिकांचे नाव निघाले की या शहराकडे बोट दाखवायची सवय आता पडली आहे, आणि ती शहरावर अन्याय करणारी आहे. याच शहरातून जानेवारी १९२७ मध्ये ‘इस्लामिक कल्चर’ हे त्रैमासिक निघाले. संपादक होते मार्माड्यूक पिक्थॉल, कुराणाचे इंग्रजी भाषांतरकार. जगभरचे अभ्यासक त्यात लिहीत. याच शहरात मराठी साहित्य परिषद आपले ‘पंचधारा’ त्रैमासिक काढत आली. केंद्रीय विद्यापीठ १९७४ चे. सुरुवातीला ते सरोजिनी नायडूंच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ या घरात भरत असे, नंतर गच्चीबौलीच्या विस्तीर्ण आवारात गेले. नियतकालिक म्हणजे काय, संपादकाने लेख वाचायचा म्हणजे काय, हे या शहराला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नव्हती.

मग इथे हा बाजार का फोफावला? संगणकावर काम करणारी इंग्रजी जाणणारी तरुण मुले इथे मुबलक होती, संकेतस्थळे उभारणे स्वस्त होते, हे एक कारण. पण दुकान चालते ते गिऱ्हाइकावर, आणि हे गिऱ्हाईक तयार केले आपल्या नियमांनी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी एक तरी शोधनिबंध छापून आलेला असणे सक्तीचे केले. २०१० मध्ये अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकाचे, गुण आले. छापलेला लेख म्हणजे इतके गुण, नियतकालिकाला आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक असला म्हणजे झाले. लेख कोणी वाचला, कोणाला उपयोगी पडला, हा प्रश्न त्या तक्त्यात कुठेच नव्हता. तालुक्याच्या गावी आठवड्याला वीस-बावीस तास शिकवणारी बाई किंवा गृहस्थ, ज्यांच्या महाविद्यालयात धड ग्रंथालय नाही, प्रयोगशाळा नाही, त्यांनाही तोच तक्ता. मग सकाळी ई-मेल उघडावी तर ‘मान्यवर प्राध्यापक’ असे संबोधून आलेले आमंत्रण : तीन दिवसांत स्वीकृती, आठवड्यात प्रकाशन, इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकाच्या प्रभावाचा आकडा) अमुक. शुल्क भरायचे ते नंतर कळते.

शोधनियतकालिकाने लेखकाकडून पैसे घेणे हा मुळात गुन्हा नाही. ज्ञान सर्वांना फुकट वाचता यावे म्हणून अनेक प्रतिष्ठित नियतकालिके खर्च लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घेतात. उलट आपल्याकडे बंगळुरूच्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसची नियतकालिके लेखकाकडून छपाईचे पैसे न घेता निघतात. फरक पैशाचा नाही. लेख आला की त्या विषयातले दोन-तीन जाणकार तो वाचतात, चुका काढतात, पुन्हा लिहायला लावतात, कधी परत पाठवतात. या तज्ज्ञ-परीक्षणासाठीच नियतकालिक असते. लुटारू प्रकाशक नेमके हेच गाळतो आणि केल्याचे सांगतो. म्हणजे खोटी असते ती ‘तपासले आहे’ ही ग्वाही, आणि ती ग्वाहीच तो विकतो.

ऑक्टोबर २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने ‘सायन्स’ या साप्ताहिकासाठी याची परीक्षा घेतली. कर्करोगावरच्या औषधाचा, धडधडीत चुका मुद्दाम ठेवलेला एक बनावट लेख त्याने ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला. लेख पाठवलेल्या नियतकालिकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश भारतातली होती, आणि भारतीयांपैकी ६४ नी होकार दिला, १५ नी नकार. पुढे २०१५ मध्ये फिनलंडच्या शेन आणि ब्यर्क यांनी मोजले, की २०१० मध्ये अशा नियतकालिकांत सुमारे ५३ हजार लेख छापले गेले होते, ते २०१४ मध्ये सुमारे ४ लाख २० हजारांवर गेले. सरासरी शुल्क होते १७८ डॉलर. लेखकांत सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा होता.

ओमिक्सचे प्रकरण शेवटी अमेरिकेच्या न्यायालयात पोचले. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नेवाडाच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. आरोप असे : परीक्षण न करता केल्याचे सांगणे, ज्यांनी कधी होकार दिला नाही अशांची नावे संपादक म्हणून छापणे, शुल्क आधी न सांगणे आणि लेख मागे घेऊ न देणे, परिषदांच्या जाहिरातींत न येणाऱ्या शास्त्रज्ञांची नावे घालणे. कंपनीने आरोप नाकारले. २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने कमिशनच्या बाजूने निकाल दिला आणि ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश केला. २०२० मध्ये अपिलातही तो निकाल कायम राहिला. हे प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण शास्त्रज्ञांच्या समाजाने वर्षानुवर्षे ‘नैतिकतेचा प्रश्न’ म्हणून कुजबुजत ठेवलेली गोष्ट ग्राहकांची फसवणूक करणाऱ्या व्यापाराला लागू होणाऱ्या साध्या कायद्याने तिथे निकालात काढली. भारतात असा खटला कोणी चालवला नाही.

आपल्याकडे उपाय म्हणून आली यादी. १० जानेवारी २०१७ रोजी आयोगाने ‘मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी’ जाहीर केली. त्यात ३८,६५३ नावे होती. त्याच महिन्यात, पाचच दिवसांनी, बील यांनी आपली काळी यादी इंटरनेटवरून काढून घेतली. जगाला सावध करणारी यादी गेली आणि आपल्याला आश्वस्त करणारी आली. पण या यादीत विद्यापीठांनाही नावे सुचवायची मुभा होती, आणि ज्या हातांना बढतीसाठी लेख दाखवायचे होते तेच हात नावे सुचवत होते.

इथे पुण्याचा प्रवेश होतो. आयुर्वेदाच्या संशोधनात नाव मिळवलेले प्रा. भूषण पटवर्धन, ग्रंथालयशास्त्राच्या प्रा. शुभदा नगरकर आणि सैद्धांतिक रसायनशास्त्राचे प्रा. श्रीधर गद्रे हे तिघे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेले. त्यांच्यासोबत बनारसचे सुभाष लाखोटिया, वैद्यकीय संशोधन परिषदेचे माजी महासंचालक विश्वमोहन कटोच आणि कॅनडाचे डेव्हिड मोहर. या सहा जणांनी आयोगाच्या यादीतला विद्यापीठांनी सुचवलेला भाग घेतला. त्यातल्या ५,६९९ नावांतून कसल्याही निवडीशिवाय १,३३६ उचलली. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या जागतिक नोंदणी-सूचींत असलेली ३२७ बाजूला काढली. उरली १,००९. ती एकेक करून तपासली. पत्ता आहे का? संकेतस्थळ उघडते का? संपादकाचे नाव दिले आहे का? आयएसएसएन खरा आहे का? सांगितलेला इम्पॅक्ट फॅक्टर कोणी दिला?

सुमारे एक तृतीयांश नियतकालिके पहिल्याच पायरीवर बाद झाली. पत्ताच नव्हता, किंवा संपादकच नव्हता. निम्म्याहून अधिक नियतकालिकांनी खोटी माहिती दिलेली निघाली. एकूण ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. ही तपासणी करायला मोठी यंत्रणा लागली नव्हती. लागला होता तो चिकाटीने वाचणारा माणूस. आयोगाच्या कार्यालयात किंवा त्या-त्या विद्यापीठात कोणीही ती आधीच करू शकले असते. त्यांनी केली नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

पटवर्धन तेव्हा आयोगाचे उपाध्यक्ष होते, त्यामुळे निष्कर्ष फाइलीत पडून राहिला नाही. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. सुक्याबरोबर काही ओलेही गेल्याच्या तक्रारी आल्या. जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्याचे नियम आले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, साठ टक्क्यांच्या पुढे गेले तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. आणि २८ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘कन्सॉर्टियम फॉर अ‍ॅकॅडेमिक अँड रिसर्च एथिक्स’, म्हणजेच केअर, या व्यवस्थेची घोषणा झाली. तपासणीचे केंद्र पुण्यात, आणि देशाच्या चार दिशांना चार विद्यापीठे : उत्तरेला दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, पूर्वेला तेजपूर, पश्चिमेला बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि दक्षिणेला हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ. महाविद्यालयाने नाव सुचवायचे, त्याच्या विद्यापीठातल्या गुणवत्ता कक्षाने ते पुढे न्यायचे, विभागाच्या केअर विद्यापीठाने छाननी करून पुण्याला द्यायचे. १४ जून २०१९ रोजी पहिली यादी आली आणि जुनी रद्द झाली. सुरुवातीला चार गट होते, पुढे दोनच राहिले. पहिल्या गटात पुण्याच्या कसोटीवर उतरलेली नियतकालिके, दुसऱ्यात जागतिक नोंदणीत असलेली. दर तीन महिन्यांनी भर पडे, आणि घसरलेले नाव काढलेही जाई.

पहिल्या गटाचे महत्त्व मराठी वाचकाने समजून घ्यावे. स्कोपसमध्ये नसलेल्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू नियतकालिकांना मान्यतेचा हा एकच दरवाजा होता. मराठी वाङ्मयीन मासिके, त्रैमासिके या दारातून आत आली. मराठी साहित्यावर पीएचडी करणाऱ्या मुलीला आपला लेख आपल्याच भाषेतल्या जाणत्या संपादकाकडे पाठवून तो मोजला जाण्याची सोय झाली. पुण्यात ही व्यवस्था उभी राहिल्याचा हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो.

आणि इथेच चोरांनी वाट शोधली. नियतकालिकाचे नाव यादीत आहे, पण त्याचे स्वतःचे संकेतस्थळ नाही, हे हेरायचे. त्या नावाचे, त्याच आयएसएसएनचे एक संकेतस्थळ उभारायचे आणि ‘यूजीसी केअर लिस्टेड’ अशी पाटी लावून पैसे घ्यायला सुरुवात करायची. म्हैसूरच्या ‘स्टडीज इन इंडियन प्लेस नेम्स’ या स्थलनामांच्या अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकाच्या नावाखाली अभियांत्रिकीचे लेख येऊ लागले. राजस्थानातल्या ‘जूनी ख्यात’चे, आसामच्या ‘दोगो रांगसांग’चे, कोलकात्याच्या संस्कृत कॉलेजच्या ‘अवर हेरिटेज’चे तेच झाले. मुंबईहून निघणारे ‘मुक्त शब्द’ हे मराठी मासिक, ज्यात कविता, कथा, समीक्षा येते, त्याच्या नावाला ‘जर्नल’ जोडलेल्या संकेतस्थळावर यंत्रे, सिमेंट आणि व्यवस्थापनशास्त्रावरचे इंग्रजी लेख दिसू लागले. मराठी न येणारे, आपण कोणाच्या नावाखाली छापून येतो आहोत हे ठाऊक नसलेले प्राध्यापक त्यात लेखक म्हणून आले. पुण्याच्या कक्षाला अशा नकली संकेतस्थळांची वेगळी यादी छापावी लागली, मूळ आणि नक्कल शेजारी शेजारी दाखवून.

वर्षानुवर्षे पदरमोड करून मासिक काढणाऱ्या संपादकाला एक दिवस कळावे, की आपल्या नावावर कोणी अनोळखी माणूस दर लेखामागे पैसे घेतो आहे, यासारखा घाव नाही. या फसवणुकीत लेखकाचे पैसे गेले, त्याहून मोठे नुकसान छोट्या भाषिक नियतकालिकांच्या प्रतिष्ठेचे झाले. आणि ते त्यांच्या साधेपणामुळे झाले. संकेतस्थळ करायला त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि माणूसही नव्हता.

केअरचे दुसरे काम यादीइतके गाजले नाही, पण माझ्या मते तेच अधिक टिकाऊ. डिसेंबर २०१९ मध्ये आयोगाने ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम पीएचडीच्या सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा केला. त्यात सहा घटक आहेत. तत्त्वज्ञान आणि नीती, शास्त्रीय वर्तन आणि प्रकाशनाची नीती हे वाचून, चर्चा करून शिकायचे. खुले प्रकाशन, प्रकाशनातले गैरव्यवहार, डेटाबेस आणि संशोधनाची मोजमापे हे प्रत्यक्ष करून पाहायचे. लेखकांच्या यादीत मार्गदर्शकाचे नाव कधी असावे आणि कधी असू नये, एकाच संशोधनाचे चार तुकडे करून चार लेख करणे चुकीचे का, नियतकालिक खरे की खोटे हे कसे तपासावे, हे विद्यार्थ्याला पहिल्यांदाच वर्गात कोणी सांगू लागले. अनेक ठिकाणी हा अभ्यासक्रम उरकला जातो, हे मला ठाऊक आहे. पण जिथे चांगला शिक्षक मिळतो तिथे तीस तासांत विद्यार्थ्याची नजर बदलते, हेही खरे आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने पीएचडीसाठी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. हे पाऊल मूळ आजारावर होते, आणि ते खूप आधी टाकायला हवे होते. बढत्यांमधली मोजणी मात्र राहिली.

यादीवर तक्रारी वाढत गेल्या होत्या. चांगल्या नियतकालिकाला आत यायला महिनोन्महिने लागत. काही विषयांची नावे कमी. लेख छापून येईपर्यंत नियतकालिक यादीतून बाहेर पडले, तर लेखकाचे काय, याचे उत्तर प्रत्येक विद्यापीठ वेगळे देई. आणि देशभरातल्या हजारो नियतकालिकांचा निवाडा एका कक्षाने करायचा, हे ओझे पुण्यातल्या मोजक्या माणसांना पेलण्यापलीकडचे होते. या तक्रारी खऱ्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने यादी बंद केल्याचे जाहीर केले. त्याऐवजी ३६ मार्गदर्शक निकष दिले आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी त्या-त्या संस्थेवर टाकली.

केंद्रीकरण नको, हा युक्तिवाद मला पटतो. पण केअरची रचना पूर्ण केंद्रित नव्हतीच. हैदराबाद, बडोदा, तेजपूर, दिल्ली ही चार ठाणी होती. त्यांना माणसे, पैसा आणि निर्णयाचा अधिकार देऊन त्यांचीच आठ-दहा करायला हवी होती. तेलुगू नियतकालिकांचा निवाडा हैदराबादने करावा, मराठीचा पुण्याने, असमियाचा तेजपूरने. ते न करता भार थेट महाविद्यालयावर टाकला. ज्या महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद रिकामे आहे, तिथे ३६ निकष कोण तपासणार? २०१७ मध्ये संस्थांनीच सुचवलेल्या नावांचे काय झाले, हे पुण्याच्या त्या अभ्यासाने लिहून ठेवले आहे. स्वतःचे संकेतस्थळ नसलेल्या मराठी त्रैमासिकाच्या संपादकाला आता प्रत्येक महाविद्यालयापुढे वेगवेगळे स्वतःला सिद्ध करावे लागेल, आणि श्रीमंत परदेशी प्रकाशकाला ते करावे लागणार नाही.

यादी गेली, निकषांचा कागद राहिला, आणि तीस तासांचा तो अभ्यासक्रम राहिला. म्हणून शेवटची विनंती लेख हातात घेऊन बसलेल्या संशोधक मित्र-मैत्रिणींना. लेख पाठवण्यापूर्वी संपादकाच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्याचा पत्ता स्वतः शोधा, नियतकालिकाच्या पानावरून नव्हे. त्याला दोन ओळी लिहा : “हे नियतकालिक आपलेच आहे ना?” उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.